पाच गावे, एक गट

१४ सप्टेंबर २०१५. भारतात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली असताना अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांनी एकच संकेत टिपला. एक वेधशाळा लुइझियानातील लिव्हिंग्स्टनची, दुसरी वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्डची. तिकडे अजून उजाडायचे होते. संगणकाने आपोआप धाडलेली सूचना सर्वांत आधी पाहिली ती जर्मनीतील हॅनोव्हर शहरात काम करणाऱ्या मार्को ड्रागो या तरुण इटालियन संशोधकाने. त्याने ती आपल्या संस्थेतील अँड्र्यू लुंडग्रेन या सहकाऱ्याला दाखवली. दोघांनी अमेरिकेतील नियंत्रण कक्षांना फोन लावले. लिव्हिंग्स्टनहून उत्तर आले की सगळे नेहमीसारखे चालले आहे. मग ड्रागोने जगभर पसरलेल्या सहकाऱ्यांना ईमेल पाठवून विचारले, ही नोंद कुणी चाचणीसाठी मुद्दाम यंत्रात घातलेली तर नाही ना? तशी ती कुणीच घातलेली नव्हती. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि त्यातून उठलेली गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली होती.

पुढचे पाच महिने पडताळणीत गेले. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यावर १३३ संस्थांमधील हजाराहून अधिक लेखकांची नावे होती. ही सारी माणसे कधी एका छताखाली बसलेली नव्हती. त्यांचे काम ईमेल, दूरध्वनी बैठका, सामाईक नोंदवह्या आणि एकमेकांनी तपासलेले मसुदे यांवर उभे राहिले.

याच लायगोच्या कुळातील वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाजवळ उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. औंढ्याच्या शेजारचा तालुका वसमत, आणि वसमत तालुक्यातले एक मोठे गाव हट्टा. या हट्ट्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एखादी मुलगी रात्री जेवणे आटोपल्यावर मोबाइल हातात घेते आणि प्रोजेक्टच्या ग्रुपवर विचारते, ‘कोणाचं किती झालं?’ पाच जणांच्या ग्रुपवर चौघांनीही वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर एकही येत नाही. हजार माणसांना जे जमले ते पाच जणांना का जमू नये, आणि जमवायचे असेल तर काय करावे लागते, याविषयी गेल्या काही दशकांत बरेच ज्ञान गोळा झाले आहे. ते हट्ट्याच्या मुलांच्या रोजच्या उपयोगाचे आहे.

घरी परतल्यावर सुरू होणारे कॉलेज

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. हट्ट्याच्या मुलांना वसमत आणि परभणी ही शिक्षणाची जवळची शहरे. या भागातील पुष्कळ विद्यार्थी वसतिगृहात राहत नाहीत. ते सकाळी एसटीने किंवा काळी-पिवळीने जातात आणि तास संपले की गावी परततात. शेवटचा तास आणि परतीची गाडी यांच्यामध्ये एकत्र बसायला अर्धा तासही मिळत नाही. त्यामुळे गटाचे खरे काम घरी गेल्यावर, फोनवरच होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा साऱ्या देशाला ही पद्धत एकदम स्वीकारावी लागली. टाळेबंदी उठली, पण गटकाम पुन्हा पूर्णपणे वर्गात आले नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडणारे उपक्रम आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळाले. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही हा आराखडा लागू झाला. अशा कामासाठी गट पडतात आणि गट पडला की व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो. त्या ग्रुपवर नीट काम कसे करायचे हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. प्रयोगशाळेत ब्युरेट कसे धरायचे हे शिकवले जाते, कारण ते आपोआप येणार नाही हे सर्वांना मान्य असते. दूर बसलेल्या सोबत्यांबरोबर काम करणे हेही तसेच एक कौशल्य आहे.

मौनाचे अर्थ

या विषयातला एक मोलाचा अभ्यास कॅथरीन क्रॅम्टन या अमेरिकन अभ्यासकाने २००१ मध्ये प्रसिद्ध केला. तीन खंडांतील नऊ विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचे तेरा गट सात आठवडे एकमेकांना न भेटता प्रकल्प करत होते. क्रॅम्टन यांनी त्यांचे ईमेल आणि संवाद बारकाईने वाचले. गट कुठे अडखळतात ते त्यातून उलगडत गेले. आपल्या परिस्थितीची माहिती मुले सांगत नव्हती आणि कुणी सांगितली तर ती इतरांच्या लक्षात राहत नव्हती. एखादा निरोप काही जणांनाच जात होता, पण सगळ्यांना कळले असे गृहीत धरले जात होते. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने तातडीचा असलेला मुद्दा वाचणाऱ्याला किरकोळ वाटत होता. काहींना संदेश लगेच मिळत आणि काहींना दिवसाने. आणि सर्वांत अवघड होते ते गप्प राहण्याचा अर्थ लावणे.

उत्तर आले नाही याचा अर्थ काय? मला मान्य आहे. मला अजिबात मान्य नाही, पण कसे बोलू ते कळत नाही. मी गावाला गेलो आहे. माझे नेट बंद आहे. मी कामात आहे. तुझा प्रश्न माझ्या नजरेतून सुटला. तू माझ्याकडून उत्तराची वाट पाहतो आहेस हेच मला ठाऊक नाही. एका मौनात हे सगळे असू शकते. समोरासमोर बसलेले असताना चेहरा पाहून आपण क्षणात फरक ओळखतो. फोनच्या पडद्यावर तो ओळखू येत नाही, आणि मग माणूस सोपा निष्कर्ष काढतो की समोरचा बेफिकीर आहे. क्रॅम्टन यांनी दाखवून दिले की दूरच्या गटात दोष परिस्थितीवर न जाता माणसावर जातो.

हट्ट्याच्या परिसरात या निष्कर्षाचे मोल फार मोठे आहे. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी चालू असते. होळीच्या आगेमागे हळद शिजवायची आणि वाळवायची धांदल असते. वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल तर घरातला मुलगा रात्री पाणी द्यायला जातो. कुणाचा रिचार्ज संपलेला असतो, कुणाच्या घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडिलांबरोबर बाजारात गेलेला असतो. शहरात राहणाऱ्या सोबत्याला यातले काही ठाऊक नसते. त्याला फक्त न आलेले उत्तर दिसते.

यावर उपाय साधा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. गट तयार होताच प्रत्येकाने आपली परिस्थिती एका संदेशात लिहावी: फोन स्वतःचा आहे की घरातला, रेंज कुठे आणि कोणत्या वेळी मिळते, घरचे काम कोणत्या दिवसांत असते, फोन केलेला चालेल की लिहिलेले बरे. हा संदेश ग्रुपमध्ये पिन करून ठेवावा. त्याबरोबर एक नियम ठरवावा की प्रत्येक प्रश्नाला चोवीस तासांत काहीतरी उत्तर द्यायचे, ते ‘वाचलं, उद्या सांगते’ एवढे असले तरी पुरे. या तीन शब्दांनी मौनाला अर्थ मिळतो आणि पुष्कळ गैरसमज जन्मालाच येत नाहीत.

सेकंदाचा पाचवा भाग

दुसरी अडचण कानाला जाणवते. माणसे बोलताना एकमेकांना किती चटकन उत्तर देतात याचा एक विलक्षण अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानी, डॅनिश, लाओ, इटालियन अशा जगभरच्या दहा भाषांतील संवाद मोजण्यात आले. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघाले. भाषाभाषांत थोडा फरक होता, पण सर्वत्र हेच प्रमाण जवळपास आढळले. समोरचा काय म्हणणार याचा अंदाज घेत आपण आपले वाक्य आधीच जुळवू लागतो, म्हणूनच हे शक्य होते.

आता फोनचा विचार करू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार सुरळीत संभाषणासाठी आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा आणि विलंब ४०० च्या पुढे जाऊ नये. रेंज कमी असली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात, आणि मुळात लाजरा असलेला विद्यार्थी बोलणेच सोडून देतो. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की आवाज उशिरा पोहोचू लागला की ऐकणाऱ्याला समोरची व्यक्ती कमी लक्ष देणारी आणि कमी आपुलकीची वाटू लागते. दोष तारेचा असतो आणि तो स्वभावाला चिकटतो.

महाराष्ट्राला या विलंबाची ओळख जुनी आहे. दूरशिक्षणासाठीचा एज्युसॅट हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी सोडण्यात आला आणि पहिल्या टप्प्यातील प्रायोगिक प्रकल्पांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते. असा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायलाच जवळपास पाव सेकंद लागतो आणि प्रश्नोत्तरात तो दोनदा मोजावा लागतो. व्याख्यान ऐकायला याने बिघडत नाही. पाच जणांच्या गप्पांसाठी मात्र तो अडथळा ठरतो.

म्हणून रेंज कमजोर असेल तिथे थेट कॉलचा हट्ट सोडावा. व्हॉट्सॲपवर २०१३ पासून आवाजी संदेशांची सोय आहे. एका मिनिटाचा आवाजी संदेश एक एमबीपेक्षाही कमी डेटा घेतो. तो मध्यरात्री रेंज आल्यावर जातो आणि ऐकणाऱ्याला आपल्या सवडीने ऐकता येतो. टायपिंगचा कंटाळा असलेल्यांना बोलता येते आणि आवाजातला उत्साह किंवा शंका दोन्ही पोहोचतात. कॉल करायचाच असेल तर बोलण्याचा क्रम आधी ठरवावा आणि बोलून झाल्यावर पुढच्याचे नाव घ्यावे: ‘माझं झालं, आता पूजा बोल.’ एवढ्याने दोघे एकदम बोलण्याचा गोंधळ थांबतो.

ओळख आधी, विषय नंतर

१९९९ मध्ये सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लाइडनर यांनी वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे ७५ गट अभ्यासले. चार ते सहा जणांच्या या गटांनी आठ आठवडे केवळ संगणकावरून काम केले. काही गटांत पहिल्या दिवसांतच विश्वास बसला, काहींत शेवटपर्यंत बसला नाही. ज्यांच्यात तो बसला त्यांनी सुरुवातीला एकमेकांची चौकशी केली होती आणि कामाबद्दल उत्साह उघड दाखवला होता. पण त्यांतल्या ज्या गटांनी पुढे ठरल्या वेळी संदेश आणि नेमकी उत्तरे दिली नाहीत, त्यांचा विश्वास ओसरला. आपुलकीने सुरुवात होते आणि नियमितपणाने ती टिकते.

२०१० मध्ये अनिता वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९९ व्यक्तींवर केलेला प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. दोन ते पाच जणांच्या गटांना निरनिराळी कामे देण्यात आली. गटाचे यश त्यातील सर्वांत हुशार सदस्यावर फारसे अवलंबून नव्हते. ज्या गटात बोलण्याची संधी सर्वांना साधारण सारखी मिळत होती आणि इतरांचे मन ओळखणारी माणसे अधिक होती, ते गट सरस ठरले. याच चमूने २०१४ मध्ये दाखवून दिले की केवळ लेखी चॅटवर काम करणाऱ्या, एकमेकांचा चेहराही न दिसणाऱ्या गटांतही मन ओळखण्याची ही क्षमता तितकीच उपयोगी पडते. म्हणजे माणूस समजून घेण्याची वाट शब्दांमधूनही जाते. गटातील एकच ‘हुशार’ मुलगा सगळे ठरवतो आणि बाकीचे अंगठा दाखवतात, ही आपल्याकडची नेहमीची रीत गटाची बुद्धी कमी करते.

कॅनडातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये ऑनलाइन शिक्षणाचा जो आराखडा मांडला, त्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या आहेत: विचारांची देवाणघेवाण, माणूस म्हणून एकमेकांना जाणवणे आणि शिक्षकाचे अस्तित्व. यातली मधली गोष्ट आपल्याकडे ‘टाइमपास’ म्हणून झटकली जाते. ओळख झाल्याशिवाय मुले एकमेकांना ‘हे मला कळलं नाही’ असे सांगत नाहीत, आणि ते सांगितल्याशिवाय विचार पुढे जात नाही.

कॅमेरा आणि फोन नंबर

कॅमेरा चालू ठेवला की जवळीक वाढेल असे अनेक शिक्षकांना वाटते. कॉर्नेल विद्यापीठातील दोन संशोधकांनी टाळेबंदीच्या काळात आपल्या विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा कॅमेरा बंद ठेवण्याचे सर्वाधिक सांगितलेले कारण होते आपण कसे दिसतो याची काळजी. मागे दिसणारी माणसे, घर आणि कमकुवत इंटरनेट हीही कारणे होती. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकीच्या थकव्याची चार कारणे मांडली: अगदी जवळ दिसणारे चेहरे आणि नजरा, हावभाव समजून घेण्याचा मनावरचा ताण, सतत स्वतःला पाहत राहणे आणि एका जागी खिळून बसणे. दोन खोल्यांच्या घरात आई चुलीपाशी आणि आजोबा खाटेवर असताना कॅमेरा लावण्याची सक्ती करणे हे मुलांना संकोचात ढकलणे आहे. कॅमेरा ऐच्छिक असावा आणि ओळखीसाठी आवाज पुरेसा मानावा.

मुलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांनी सांगितले की त्या स्वतः वापरतात असा मोबाइल त्यांच्याकडे आहे. बाकीच्या मुलींना भावाच्या किंवा वडिलांच्या फोनवरून ग्रुपमध्ये यावे लागते. ग्रुपमध्ये आले की नंबर सर्वांना दिसतो आणि तो पुढे कुठे जाईल याची धास्ती घरच्यांना असते. त्यामुळे अनेक मुली ग्रुपमध्ये येतच नाहीत, आणि मग ‘मुली काम करत नाहीत’ असे म्हटले जाते. शिक्षकाने प्रत्येक ग्रुपमध्ये स्वतः ॲडमिन असावे, एखाद्या गटात एकटीच मुलगी राहणार नाही हे पाहावे, आणि ज्यांना नंबर द्यायचा नाही त्यांच्यासाठी ईमेल किंवा गूगल डॉक्सवरून सहभागाची वाट मोकळी ठेवावी. ही काळजी घेतली तर घरच्यांचा विश्वास बसतो आणि मुलीचे शिक्षण अडत नाही.

दोर ओढणारे हात

मॅक्स रिंगेलमन हे फ्रान्समधील शेती-अभियंता. माणसे ओझे ओढताना किती जोर लावतात हे ते मोजत होते. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत दिसले की दोर ओढणारे हात वाढले की एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर घटत जातो. १९७९ मध्ये अमेरिकेत लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी हेच टाळ्या आणि आरोळ्यांवर तपासले. दोघे मिळून ओरडले तेव्हा एकत्रित आवाज त्यांच्या स्वतंत्र क्षमतेच्या बेरजेच्या ७१ टक्केच भरला; चौघांत तो ५१ टक्क्यांवर आला आणि सहा जणांत ४० टक्क्यांवर. याच संशोधकांनी पुढे हेही दाखवले की प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखू येतो असे सांगितले की हा ढिलेपणा नाहीसा होतो.

आपल्याकडच्या गटकामात याचे पडसाद रोज उमटतात. दहा जणांचा गट केला जातो, शेवटच्या रात्री एक मुलगी पीपीटी बनवते आणि बाकीचे नाव टाकायला सांगतात. याला मुलांचा आळस म्हणून मोकळे होता येणार नाही, कारण कामाची रचनाच तसे घडवते. गट चार-पाच जणांचाच असावा आणि प्रत्येकाचा वाटा नावासकट दिसावा.

इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत यावर सुंदर तोडगा काढला. त्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एकत्र बसू लागली होती आणि वर्गात तणाव होता. ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. पूर्ण धडा कळायला प्रत्येकाला प्रत्येकाची गरज पडू लागली. जो मुलगा कालपर्यंत दुर्लक्षित होता, त्याचे बोलणे आज सगळे कान देऊन ऐकत होते.

अंतराचा उपयोग

लायगोच्या दोन वेधशाळा सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर आहेत. २०१५ ची लहर लिव्हिंग्स्टनला आधी पोहोचली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. या छोट्याशा फरकातूनच ती आकाशाच्या कोणत्या भागातून आली याचा अंदाज बांधता आला. दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी असती तर ते शक्य झाले नसते, आणि जवळच्या एखाद्या धक्क्याने दोघांना एकदम फसवले असते. हिंगोलीतील वेधशाळेचे मोल तिच्या दूरपणातच आहे: पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला यंत्र असले की स्रोताची जागा कितीतरी नेमकी सांगता येते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि त्या मिळून एकच दुर्बीण होतात. या दुर्बिणीच्या माहितीवर देशभरचे विद्यार्थी ऑनलाइन काम करतात. खगोलशास्त्रज्ञ डॉ. आनंदा होता यांनी १५ एप्रिल २०१३ रोजी ‘रॅड ॲट होम’ हा नागरिक-विज्ञान उपक्रम सुरू केला. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील मूलभूत विज्ञान केंद्राशी ते जोडलेले आहेत. विज्ञान आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी आधी शिबिरात किंवा ऑनलाइन शिकतात आणि मग आपापल्या गावी बसून रेडिओ प्रतिमांत वेगळ्या आकाशगंगा शोधतात. त्यांना काय दिसले यावर समाजमाध्यमांतून आणि ऑनलाइन बैठकांतून चर्चा होते. २०२२ मध्ये या उपक्रमातून एका आकाशगंगेचा झोत शेजारच्या आकाशगंगेवर आदळतानाचा दुर्मीळ शोध लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. साधा लॅपटॉप आणि इंटरनेट एवढ्यावर महाविद्यालयीन मुले खऱ्या संशोधनात भाग घेऊ शकतात, हे यातून सिद्ध झाले.

हाच विचार हट्ट्याला आणून पाहू. समजा, विषय आहे ‘वसमत परिसरातील हळद: शेतापासून बाजारापर्यंत’. गटात पाच जण आहेत, आणि ते हट्टा, कुरुंदा, शिरड शहापूर, जवळा बाजार आणि वसमत इथे राहतात. एकाच गावातल्या पाच जणांना जे जमणार नाही ते यांना जमेल. एक जण हळद शिजवण्याच्या कढईपाशी उभा राहून लाकूड, पाणी आणि वेळ यांचा हिशोब लिहील. दुसरी कालव्याच्या पाण्यावरच्या आणि विहिरीच्या पाण्यावरच्या शेतकऱ्यांशी बोलेल. तिसरा वसमतच्या बाजार समितीत आठवड्याचे भाव नोंदवेल. चौथी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशी वाचून काढेल. पाचवा हळद काढणाऱ्या आणि वेचणाऱ्या बायाबापड्यांची मजुरी विचारील. प्रत्येकाकडे असा तुकडा असेल जो इतर कुणाकडे नाही. इथे कुणी कुणाच्या नावावर तरून जाऊ शकत नाही, आणि प्रत्येकाचा संदेश वाचण्याची इतरांना खरी गरज असते.

आठवड्याची घडी

पहिली बैठक शक्यतो प्रत्यक्ष व्हावी, कॉलेजच्या आवारात वीस मिनिटे का होईना. तिथे कामाच्या आधी एकमेकांचे गाव, घर आणि आवड समजून घ्यावी. नंतर आठवड्यातून एक ठराविक वार आणि वेळ असावी, जी विजेच्या आणि शेतीच्या वेळापत्रकाला धरून असेल. दर आठवड्याला एक जण नोंद ठेवणारा असावा आणि ही जबाबदारी फिरती असावी. काय ठरले, कोण काय करणार, कधीपर्यंत, आणि कोणता प्रश्न सुटला नाही, एवढे त्याने पाच-सहा ओळींत लिहावे. जो कॉलला येऊ शकला नाही त्याला ही नोंद वाचून पुन्हा गटात शिरता येते. मसुदा एकाच सामाईक फाइलमध्ये असावा, म्हणजे ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ अशा फायलींचा गुंता होत नाही आणि कुणी काय लिहिले तेही दिसते. कामाचा ग्रुप आणि शुभेच्छांचा ग्रुप वेगळा ठेवावा, कारण सणाच्या चित्रांच्या ढिगाखाली महत्त्वाचा प्रश्न गाडला जातो.

मतभेद झाला तर तो लिहून वाढवू नये. टायप केलेल्या शब्दाला सूर नसतो आणि ‘बरं’ हे उत्तर रागाचेही वाटू शकते. अशा वेळी त्या एकाच व्यक्तीला फोन करावा, दोघांनी बोलून घ्यावे आणि जे ठरेल ते ग्रुपवर कळवावे. भाषेचेही बंधन नको. अहवाल इंग्रजीत द्यायचा असला तरी चर्चा मराठीतच होऊ द्यावी. शंका आपल्या बोलीत विचारता आली तरच ती विचारली जाते.

शिक्षकाचे काम गट पाडून यादी लावण्यापाशी संपत नाही. पंधरवड्यातून एकदा त्यांनी प्रत्येक गटाशी दहा मिनिटे बोलावे आणि ‘काय अडलं?’ हा प्रश्न प्रत्येकाला नाव घेऊन विचारावा. गुण देताना अंतिम अहवालाबरोबर साप्ताहिक नोंदी आणि प्रत्येकाचा स्वतंत्र तुकडा यांनाही वजन द्यावे. एखादा विद्यार्थी तीन आठवडे गप्प असेल तर शेवटी त्याचे गुण कापण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात त्याला फोन करणे अधिक हिताचे आहे. पुष्कळदा त्या फोनवर कळते की मुलाला घरच्या कामासाठी शेतात जावे लागते आणि तो शिक्षण सोडण्याच्या काठावर आहे. ग्रुपवरचे मौन हा शिक्षकाला मिळणारा पहिला इशारा असतो.

महाविद्यालयांनी प्रथम वर्षाच्या सुरुवातीला या कौशल्यासाठी दोन तास राखून ठेवले तरी मोठा फरक पडेल. एका तासात परिस्थितीचा संदेश लिहायला, बोलण्याचा क्रम पाळायला आणि बैठकीची नोंद घ्यायला शिकवावे. दुसऱ्या तासात एक छोटे काम तुकड्यांत वाटून करून घ्यावे. यासाठी नवी इमारत, महागडे सॉफ्टवेअर किंवा वेगवान इंटरनेट यांपैकी काहीही लागत नाही. हट्ट्यासारख्या गावांतून शिकणारी मुले उद्या बँकेत, कृषी खात्यात, प्रयोगशाळेत किंवा पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत जातील, तेव्हा त्यांचे बहुतेक सहकारी दुसऱ्या शहरात बसलेले असतील. त्या कामाची तयारी पदवीच्या तीन-चार वर्षांत आपल्याच गावी राहून होऊ शकते, आणि ती करून घेणे ही विद्यापीठाची व प्रत्येक शिक्षकाची जबाबदारी आहे.